काळ्या बिबट्याचे निवडणूक चिन्ह : साठच्या दशकातील अमेरिकेतील मताधिकाराचा लढा

१९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली. हे नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ या पक्षावरून घेतलेले होते, हे आमच्या वाचकांस ज्ञात आहेच. तो अमेरिकी पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी ह्युई न्यूटन व बॉबी सील या दोन तरुणांनी काढला. परंतु हे नाव त्यांनीही स्वतः योजलेले नव्हते. ते अलाबामा राज्यातील लाऊंड्स काउंटी नावाच्या एका दरिद्री, कापूस पिकविणाऱ्या मुलखातून आले होते. तेथे काळा बिबट्या हे बंदुकीचे किंवा बंडाचे प्रतीक नव्हते. ते मतपत्रिकेवर छापावयाचे निवडणूक चिन्ह होते.

साठच्या दशकातील अमेरिका म्हटली की आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टनमधील भाषणाचे. दुसरे, काळी टोपी घातलेल्या पँथर तरुणांचे. या दोन चित्रांमधील जी वाट आहे ती सहसा सांगितली जात नाही. ती वाट कचेरीच्या दारातून, नोंदणीच्या अर्जातून व मतपत्रिकेतून गेलेली आहे. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यत्वे तिचाच मागोवा घेणार आहोत. त्या काळात ‘निग्रो’ हा शब्द सर्रास रूढ होता. आम्ही सर्वत्र ‘कृष्णवर्णीय’ असे म्हटले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती भारतीय वाचकाला सहज उमगत नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२६ अन्वये प्रौढ मताधिकार आहे आणि मतदारयाद्या तयार करण्याची जबाबदारी अनुच्छेद ३२४ अन्वये निवडणूक आयोगावर आहे. म्हणजे मतदाराला शोधून त्याचे नाव यादीत घालणे हे राज्यसंस्थेचे काम. अमेरिकेत तसे नव्हते. तेथे मतदार होऊ इच्छिणाऱ्याने स्वतः काउंटीच्या कचेरीत जावे, नोंदणी अधिकाऱ्यापुढे अर्ज करावा, आणि तो अधिकारी पात्र ठरवील तरच त्याचे नाव लागावे, अशी रीत होती. हा अधिकारी त्याच गावचा, त्याच समाजव्यवस्थेतला. सारा अनर्थ या एका मेजाभोवती घडत होता.

कायद्याने कृष्णवर्णीयांना मताचा हक्क नव्हता असे नव्हे. गुलामगिरी नष्ट झाल्यावर १८७० साली अमेरिकेच्या संविधानात पंधरावी दुरुस्ती झाली आणि वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून मताधिकार नाकारण्यास मनाई झाली. काही वर्षे दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मतदान करीत होते, विधिमंडळांत निवडूनही जात होते. पुढे केंद्राचे सैन्य माघारी गेले, दहशत माजली, आणि १८९० साली मिसिसिपी राज्याने नवे राज्य-संविधान केले. त्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. मतदाराने डोईपट्टी भरलेली असावी आणि त्याला राज्य-संविधानातील कोणतेही कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखविल्यास त्याचा अर्थ सांगता यावा, एवढेच त्यात म्हटले होते. अर्थ बरोबर की चूक, हे कोणी ठरवावयाचे? अर्थात मेजामागे बसलेल्या अधिकाऱ्याने. १९५४ मध्ये ही अट आणखी कडक झाली. वाचणे, लिहिणे आणि अर्थ लावणे अशी तिन्ही आवश्यक झाली. १९६२ च्या एका कायद्याने अर्जदारांची नावे दोन आठवडे वर्तमानपत्रात छापण्याची तरतूद केली. वरवर पाहता हा पारदर्शक कारभार. प्रत्यक्षात ती मालकाला, सावकाराला आणि रात्री बंदुका घेऊन हिंडणाऱ्यांना आयती मिळालेली यादी होती.

येथे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले विवेचन आठवणे अपरिहार्य आहे. कारभाराचे तपशील संविधानात कशासाठी घातले, या आक्षेपाला उत्तर देताना त्यांनी असे प्रतिपादन केले की, संविधानाचे रूप न बदलताही केवळ कारभाराचे रूप बदलून संविधानाला विकृत करता येते. म्हणून ज्या समाजात सांविधानिक नीतिमत्ता मुरलेली नाही तेथे हे तपशील विधिमंडळाच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे. मिसिसिपीचे १८९० ते १९६५ ही पंचाहत्तर वर्षे म्हणजे या सिद्धांताचे भाष्यच होय. पंधरावी दुरुस्ती अक्षरशः जशीच्या तशी उभी होती. तिच्यातील एक शब्दही कोणी खोडला नव्हता.

बाबासाहेबांचे अमेरिकेतील या प्रश्नाकडे लक्ष होते याचा लेखी पुरावाही उपलब्ध आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. दोघांच्या प्रश्नांमधील साम्य त्यांनी त्या पत्रात नमूद केले होते. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठविले.

साठच्या दशकाचा आरंभ मात्र मतपत्रिकेने झाला नाही, तो खाण्याच्या काउंटरवर झाला. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. तेथे त्यांनी वस्तू विकत घेतल्या. पैसे घेताना दुकानदाराला विटाळ झाला नाही. नंतर ते त्याच दुकानातील काउंटरवर कॉफी पिण्यासाठी बसले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. ते उठले नाहीत. काही आठवड्यांत अशी बैठी आंदोलने दक्षिणेतील अनेक शहरांत पसरली. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्यांना येथे वेगळे सांगावयास नको. तेथेही १९२३ चा बोले ठराव होता, नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता, आणि तरीही १९२७ साली पाणी पिण्यासाठी चालून जावे लागले होते.

या आंदोलनांपैकी सर्वांत शिस्तबद्ध आंदोलन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराचे. त्यामागे जेम्स लॉसन हे नाव आहे, आणि या नावाचा नागपूरशी थेट संबंध आहे. लॉसन हे मेथॉडिस्ट पंथाचे. कोरियाच्या युद्धकाळात सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे त्यांनी तुरुंगवास भोगला होता. सुटकेनंतर १९५३ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिले. माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच शहरात बाबासाहेबांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. अमेरिकी इतिहासग्रंथांत लॉसन यांचे नागपूर येते ते गांधीजींच्या सत्याग्रहतंत्राच्या अभ्यासाचे गाव म्हणून. त्याच गावात त्याच काळी समतेचा दुसरा, अधिक मूलगामी विचार सिद्ध होत होता, याची दखल तेथे क्वचितच घेतलेली आढळते. आम्हास ही त्रुटी लहान वाटत नाही. १९५९ साली स्वतः किंग भारतात आले. त्रिवेंद्रम येथील एका शाळेत मुख्याध्यापकांनी ‘अमेरिकेतील एक अस्पृश्य’ अशी आपली ओळख करून दिल्याचे व प्रथम आपण त्यामुळे दुखावलो गेल्याचे त्यांनी पुढे १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले. मग विचार करता ते वर्णन खरे असल्याचे त्यांना पटले.

असो. लॉसन यांनी नॅशव्हिलमधील चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांची शिबिरे घेतली. त्यांत व्याख्याने थोडी आणि सराव फार. काही विद्यार्थी गोऱ्या गुंडांची सोंगे घेत. उरलेल्यांना शिव्या देत, ढकलून पाडीत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडीत. उरलेल्यांनी हात न उगारता, पळूनही न जाता बसून राहावयाचे. डोके व पोट वाचविण्यासाठी अंग कसे मुडपावे, सोबत्याला मार बसत असता मध्ये कसे पडावे, हेसुद्धा शिकविले जाई. या शिबिरांतून जॉन लुईस, डायन नॅश, जेम्स बेव्हेल हे पुढील दशकाचे कार्यकर्ते तयार झाले. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६० मध्ये काढून टाकले. एप्रिलमध्ये आंदोलकांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. तेव्हा हजारो लोक निःशब्द चालत नगरभवनापाशी गेले. तेथे डायन नॅश यांनी महापौरांना सर्वांसमक्ष विचारले : केवळ वर्णावरून माणसाला वेगळे वागविणे आपणास योग्य वाटते काय? महापौर ‘नाही’ म्हणाले. १० मे १९६० रोजी नॅशव्हिलमधील काउंटर खुले झाले.

त्यापुढील तीन वर्षांचा वृत्तान्त सुपरिचित असल्यामुळे आम्ही तो थोडक्यात देतो. १९६१ मध्ये आंतरराज्य बसमधून गोरे व कृष्णवर्णीय एकत्र प्रवास करू लागले, तेव्हा अलाबामात बस जाळण्यात आली. १९६३ च्या वसंतात बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे व पाण्याचे जोरदार फवारे सोडले. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाखांचा मेळावा झाला. त्या मेळाव्याच्या नावात ‘स्वातंत्र्य’ या शब्दाच्या आधी ‘रोजगार’ हा शब्द होता, हे बहुतेकांच्या स्मरणात राहिले नाही. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली ठार झाल्या. मधली एक तारीख मात्र आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी, ती ११ जून १९६३. त्या दिवशी सायगावच्या चौकात भिक्खू थिच क्वांग डुक यांनी व्हिएतनाममधील बौद्धांच्या छळाच्या निषेधार्थ आत्मदहन केले. त्याच दिवशी अलाबामाचे गव्हर्नर दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी विद्यापीठाच्या दारात उभे राहिले, आणि त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली. मध्यरात्र उलटल्यावर मिसिसिपीतील कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या अंगणात गोळी घालण्यात आली.

केनेडींच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तो कायदा रेटला. सिनेटमध्ये अखंड भाषणे करून विधेयक रोखून धरण्याची जी मुभा आहे, तिचा दक्षिणेच्या सभासदांनी दोन महिन्यांहून अधिक काळ वापर केला. अखेर १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करण्यात आली, आणि २ जुलैला कायदा झाला. हॉटेले, खानावळी, नाट्यगृहे खुली झाली. नोकरीत वर्ण, धर्म, लिंग यांवरून भेद करण्यास बंदी आली. हे फार मोठे काम होते. परंतु मतनोंदणीच्या मेजाला या कायद्याने फारसा धक्का लावला नाही.

ते मेज म्हणजे काय होते हे समजण्यासाठी फॅनी लू हेमर यांचे चरित्र पाहावे. मिसिसिपीतील एका भूमिहीन कुटुंबातील वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचण्याचे काम, शाळा जेमतेम. पुढे त्या एका मळ्यावर अठरा वर्षे अर्धेलीने राबल्या आणि मजुरांच्या कामाच्या वेळेची नोंद ठेवू लागल्या. आपल्याला मत देण्याचा हक्क आहे हे त्यांना १९६२ च्या ऑगस्टमध्ये प्रथम समजले. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या! ३१ ऑगस्टला त्या सतरा जणांबरोबर इंडियानोला या काउंटीच्या ठाण्याला गेल्या. अधिकाऱ्याने राज्य-संविधानातील पूर्वलक्षी कायद्यांविषयीचे कलम उतरवून काढून त्याचा अर्थ लिहावयास सांगितले. कलम उतरवता आले. अर्थ लिहिता आला नाही. अशा प्रश्नावर किती पदवीधर टिकले असते, याची आम्हास शंका आहे. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग शाळेच्या बसप्रमाणे फार पिवळा आहे! संध्याकाळी मळ्याच्या मालकाने फर्मावले की, अर्ज मागे घ्या, नाहीतर मळा सोडा. आपण आपल्यासाठी नाव नोंदवावयास गेलो होतो, मालकासाठी नव्हे, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी त्याच रात्री घर सोडले.

जून १९६३ मध्ये प्रशिक्षणाहून परत येत असता विनोना गावी त्यांना अटक झाली. पोलिसांनी तुरुंगातील दोन कृष्णवर्णीय कैद्यांकडून त्यांना मारविले. त्या माराच्या खुणा त्यांच्या शरीरावर जन्मभर राहिल्या. पीडिताच्याच हाताने पीडिताला मारविण्याची ही युक्ती आपल्याकडेही अपरिचित नाही. पुढे ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटी येथे डेमॉक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. मिसिसिपीच्या अधिकृत, केवळ गोऱ्यांच्या शिष्टमंडळाला आव्हान देण्यासाठी सर्वांना खुला असलेला ‘मिसिसिपी फ्रीडम डेमॉक्रॅटिक पार्टी’ हा पक्ष तेथे गेला. पडताळणी समितीपुढे २२ ऑगस्टला हेमर यांची साक्ष झाली. ती दूरचित्रवाणीवर चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तातडीची पत्रकार परिषद बोलाविली आणि कॅमेरे तिकडे वळले. परंतु संध्याकाळी वाहिन्यांनी ती साक्ष पुन्हा दाखविली, आणि ती अधिकच लोकांपर्यंत पोहोचली. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या गेल्या. त्या कोणाला मिळाव्यात हेही पक्षश्रेष्ठींनीच ठरविले होते. शिष्टमंडळाने त्या नाकारल्या.

या नकाराचे महत्त्व आमच्या वाचकांना विशेष जाणवेल. आपला प्रतिनिधी कोण हे आपण ठरवावे की दुसऱ्याने, हाच प्रश्न पुणे कराराच्या मुळाशी होता. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवर बसणारा मनुष्य कोणाचा असतो, हे बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात आकडेवारीनिशी मांडले होते. अटलांटिक सिटीहून परतलेल्या तरुण कार्यकर्त्यांची उदारमतवादी मित्रांवरील श्रद्धा त्या आठवड्यात ओसरली. पुढे जे ‘ब्लॅक पॉवर’ म्हणून प्रकट झाले त्याचे मूळ, आमच्या मते, रागापेक्षा या अनुभवात अधिक आहे.

१९६५ च्या आरंभी लढ्याचे केंद्र अलाबामातील सेल्मा हे गाव झाले. तेथील डॅलस काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. नोंदलेले मतदार त्यांतील सुमारे तीनशे. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोन सोमवारी उघडत असे. लोक पहाटेपासून रांगेत उभे राहत. दुपारची सुट्टी होई, दिवस संपे, रांग तशीच उरे. फेब्रुवारीत जवळच्या गावी जिमी ली जॅक्सन या तरुणाला राज्य पोलिसाची गोळी लागून तो मरण पावला. ७ मार्चला सुमारे सहाशे लोक राजधानी माँटगोमेरीकडे पायी निघाले. गावाबाहेरच्या पुलावर पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर यांनी त्यांना झोडपले. नॅशव्हिलच्या शिबिरातील जॉन लुईस यांची कवटी फुटली. हे दृश्य त्याच रात्री घरोघर दिसले. आठ दिवसांनी जॉन्सन यांनी काँग्रेसपुढे मताधिकाराचा कायदा मागितला, आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पूर्वीचे कायदे असे म्हणत की, अन्याय झाल्यास न्यायालयात जा. एकेक काउंटीचा खटला वर्षानुवर्षे चाले आणि निकाल लागेपर्यंत राज्य नवी अट काढी. १९६५ च्या कायद्याने हा क्रम उलटविला. जेथे नोव्हेंबर १९६४ मध्ये साक्षरतेची वा तत्सम परीक्षा लागू होती आणि निम्म्याहून कमी प्रौढांची नोंदणी अथवा मतदान झाले होते, तेथे त्या परीक्षा ताबडतोब स्थगित झाल्या. तेथे केंद्र सरकारला स्वतःचे नोंदणी अधिकारी पाठविता येऊ लागले. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, अशा राज्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम, मतदान केंद्र हलविण्यापर्यंत काहीही, बदलावयाचे झाल्यास वॉशिंग्टनची पूर्वसंमती घेतली पाहिजे, आणि त्या बदलाने वर्णभेद होत नाही हे सिद्ध करण्याचा भार राज्यावर राहील. म्हणजे संशयाचा फायदा आता अत्याचार करणाऱ्याला मिळेनासा झाला. मिसिसिपीत कायद्यापूर्वी पात्र कृष्णवर्णीयांपैकी केवळ ६.७ टक्के नोंदलेले होते. १९६७ पर्यंत हे प्रमाण ५९.८ टक्क्यांवर गेले. पंचाहत्तर वर्षांत लोकांचे अज्ञान दूर झाले नाही आणि दोन वर्षांत झाले, असे तर कोणी म्हणणार नाही. बदलला होता तो मेजामागचा माणूस.

आता लाऊंड्स काउंटीकडे वळू. सेल्मा व माँटगोमेरी यांच्यामध्ये हा मुलूख पसरलेला आहे. लोकसंख्येपैकी सुमारे ऐंशी टक्के कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या आरंभी नोंदलेला कृष्णवर्णीय मतदार एकही नाही. नवा कायदा होताच केंद्राचे अधिकारी येथे आले आणि लोक नावे नोंदवू लागले. नोंदविणाऱ्या कुळांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढले. १९६५ च्या डिसेंबरात ती कुटुंबे हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. तंबूंवर रात्री गोळीबार होई. तरी नोंदणी थांबली नाही.

परंतु नोंदलेल्या मताचे करावयाचे काय? अलाबामातील सत्ताधारी डेमॉक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते, आणि त्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा १९६६ पर्यंत छापली जाई. त्या कोंबड्याला मत द्यावयाचे काय? जॉन ह्युलेट हे स्थानिक कार्यकर्ते आणि विद्यार्थी संघटनेचे स्टोकली कारमायकेल यांनी राज्याचा कायदा चाळला, तेव्हा काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढण्याची तरतूद त्यांना सापडली. मग ‘लाऊंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ स्थापन झाली. निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चिन्ह असावे लागे. त्यांनी काळा बिबट्या निवडला. हा प्राणी उगाच कोणावर चालून जात नाही, पण कोपऱ्यात कोंडला की मागे हटत नाही, असे ह्युलेट यांचे स्पष्टीकरण होते. येथे एक विसंगती आवर्जून नमूद केली पाहिजे. निरक्षर मतदार असतात हे गृहीत धरूनच अलाबामाने मतपत्रिकेवर चित्रे छापली होती, आणि हेच राज्य साक्षरतेच्या परीक्षेवर कृष्णवर्णीयांना परत पाठवीत होते. याचा अर्थ, निरक्षरता हा दोष गोऱ्याच्या ठिकाणी दोष नव्हताच. आपल्या देशाने १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत चिन्हे वापरली, ती मात्र निरक्षराला आत घेण्यासाठी.

नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत बिबट्याच्या चिन्हावरील सर्व उमेदवार पराभूत झाले. मळेवाल्यांनी आपल्या मजुरांना गाड्यांत घालून कोंबड्यावर मते टाकण्यास नेले होते. पण चिन्ह दूरवर पोहोचले होते. त्याच वर्षी जूनमध्ये कारमायकेल यांनी मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा दिली, ऑक्टोबरमध्ये ओकलंडचा पक्ष निघाला, आणि सहा वर्षांनी ते नाव मुंबईच्या वस्त्यांत आले. १९७० मध्ये ह्युलेट लाऊंड्स काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. जेथे पूर्वी पोलिस दिसताच लोक दारे लावून घेत, तेथे आता पोलिसांचा प्रमुख त्यांनीच निवडला होता.

मताने काय साधले नाही, हेही सांगितले पाहिजे. मताधिकाराच्या कायद्यावर स्वाक्षरी होऊन पाच दिवस झाले आणि लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली. ३४ माणसे मेली. तेथील कृष्णवर्णीयांना मत पूर्वीपासून होते. नव्हते ते काम, घर आणि पोलिसांपासून संरक्षण. १९६६ मध्ये किंग शिकागोच्या झोपडपट्टीत राहावयास गेले आणि घरांच्या प्रश्नावर मोर्चे काढू लागले, तेव्हा तेथील दगडफेक दक्षिणेपेक्षा कमी नव्हती. त्याच वर्षी ३१ मे रोजी शिकागोतच व्हिएतनामी भिक्खू थिच न्हाट हान यांची व त्यांची भेट झाली. (‘थिच’ हे व्यक्तिनाम नव्हे. पालीतील ‘सक्य’, म्हणजे शाक्य, याच नावाचे ते चिनीमार्गे आलेले व्हिएतनामी रूप आहे. प्रव्रज्या घेणारा शाक्यकुळाचा होतो, या अर्थाने तेथील भिक्खू ते धारण करतात.) या भिक्खूंनी वर्षभर आधीच किंग यांना पत्र लिहून आत्मदहनाचा अर्थ उलगडला होता. जानेवारी १९६७ मध्ये किंग यांनी त्यांचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचविले, आणि ४ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनाम युद्धाचा उघड निषेध केला. जॉन्सन यांच्याशी असलेला त्यांचा दुवा त्यानंतर जवळजवळ तुटला.

पुढच्या वर्षी टेनेसीतील मेंफिस येथे कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगार चिरडून मेले. फेब्रुवारीत सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रोज रस्त्याने जात. संपाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समितीचे प्रमुख होते, नागपूरहून परतलेले तेच जेम्स लॉसन. त्यांनीच किंग यांना मेंफिसला बोलाविले. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची तेथे हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने कामगारांची संघटना मान्य केली व संप मिटला. लॉसन यांचे निधन २०२४ साली झाले.

जाता जाता आणखी एक कायदा सांगितला पाहिजे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अमेरिकेने राष्ट्रवार कोटा ठेवणारी आपली स्थलांतरपद्धती रद्द केली. १९४६ पासून तोवर भारताचा वार्षिक कोटा शंभर माणसांचा होता. त्यानंतर आपल्याकडील जे डॉक्टर, अभियंते तेथे गेले व स्थिरावले, त्यांना ज्या वातावरणाने दार उघडून दिले ते वातावरण सेल्माच्या पुलावर मार खाणाऱ्यांनी निर्माण केले होते. तेथे जाऊनही आपली जात जपणाऱ्या मंडळींनी हे ऋण ध्यानात घेतल्याचे फारसे दिसत नाही.

मताधिकाराच्या कायद्यातील पूर्वसंमतीची तरतूद काँग्रेसने वेळोवेळी वाढविली. २००६ मध्ये ती पंचवीस वर्षांसाठी वाढविण्यात आली होती. २५ जून २०१३ रोजी अलाबामातील शेल्बी काउंटीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, ही तरतूद कोणत्या राज्यांना लागू हे ठरविणारे सूत्रच रद्द केले. परिस्थिती आता बदलली आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सूत्रावाचून पूर्वसंमतीची तरतूद कागदावर उरली. निकाल लागल्यानंतर काही तासांतच टेक्सास राज्याने, पूर्वी अडविला गेलेला मतदार ओळखपत्राचा आपला कायदा अमलात आणण्याचे जाहीर केले. पुलावर कवटी फुटलेले जॉन लुईस तेव्हा काँग्रेसचे सभासद होते. १९८७ पासून २०२० मध्ये निधन होईपर्यंत ते सभागृहात होते. नवे सूत्र घालून ती तरतूद पुनरुज्जीवित करणारे, त्यांच्याच नावाचे विधेयक ऑगस्ट २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने संमत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते सिनेटमध्ये अडले. १९६४ साली ७१ मते मिळवून जी चर्चा बंद करता आली होती, तिच्यासाठी आता साठ मते लागत होती, आणि तेवढीही जमली नाहीत.